विस्तवावर न पडलेली धार

सह्याद्रीच्या ऐन कण्यावर, तीन अंगांनी कडे तुटलेले आणि चौथ्या अंगाने एकच एक राजरोस वाट वर चढणारी, असा तो धामणगड चैत्रातल्या त्या पहाटे धुक्यातून हळूहळू डोके वर काढीत होता. माचीवरच्या मोहाच्या झाडांखाली टपटप गळलेल्या फुलांचा सडा पडला होता आणि त्यांचा गोडसर, डोक्यात चढणारा वास पार बालेकिल्ल्यापर्यंत दरवळत होता. पायथ्याला मात्र शत्रूच्या छावणीतले धूर उठत होते. वेढा पडून दोन महिने झालेले. गडाचे हवालदार निम्मी शिबंदी घेऊन चोरवाटेने रसद आणायला गेले होते, आणि मागे दरवाजा राखायला उरले होते अवघे चाळीस कोळी, त्यांचे म्हातारे हैबती नाईक आणि कोठारे, दारूगोळा, झाडून सगळा कारभार पाहणारे कारखानीस रखमाजी शेवाळे, दिमतीला त्यांचे तीन शिपाई.

आज वाघजाईचा दिवस. वेढा असो की दुष्काळ, नव्या फुलांची पहिली मोहाची दारू आज देवीपुढे जायचीच, आणि ती गाळायचा मान सोमीच्या घराचा. तिच्या सासूने गाळली, सासूच्या सासूने गाळली. आंबवलेली फुले मडक्यात, मडक्यावर दुसरे मडके, सांध्याला मातीचा लेप, आणि पोकळ वेळूच्या नळीतून थेंब थेंब उतरणारी ती स्वच्छ धार. जाळ किती ठेवायचा हे सोमी नुसत्या नळीच्या आवाजावरून सांगे. वाफ निववणारे पाणी बदलायचे काम तिच्या नवऱ्याचे, बुधाचे. पण पहाटे कोठारातून पळी आणतो म्हणून गेलेला बुधा अजून परतला नव्हता.

"मेला बसला असंल गप्पा छाटत," ती स्वतःशी पुटपुटली, आणि मान वळवते तो मागे कारखानीस उभे. सोबत त्यांचे दोन हत्यारबंद शिपाई.

कारखानिसांनी एक शब्द न बोलता कमरेची पुरचुंडी सोडली आणि तिच्या डोळ्यांदेखत गाळून भरून ठेवलेल्या तिन्ही मडक्यांत धोत्र्याच्या बियांची पूड ओतून लाकडाने ढवळली. मग तिच्या ओंजळीत एक चांदीचे कडे टाकले. बुधाच्या दंडातले कडे! लग्नात घातलेले, त्यानंतर कधीच न निघालेले.

"तुझा धनी धान्यकोठारात आहे," ते थंडपणे म्हणाले. "दारात माझा माणूस तलवार उपसून बसला आहे, आणि देवळापुढची माझी जागा त्याला तिथून स्वच्छ दिसते. मी हा शेला वर केला की बुधाची मान उडाली. आज दुपारी छावणीचे लोक दरवाजाशी येतील, तेव्हा तुझे चाळीस कोळी गाढ निजलेले असावेत. तुझ्या हातावाचून ते दुसऱ्या कुणाचे पिणार नाहीत, म्हणून तू. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. डोळ्यात पाणी आणायचे नाही."

"निजतील... का मरतील?" तिने कसेबसे विचारले.

"ते तुला काय करायचे आहे?"

सोमीची बोबडीच वळली. लोकांना वाटते, भ्यालेले माणूस ओरडते. कसले ओरडते! ते जे हातात असेल तेच करीत राहते. सोमी तशीच जाळाला फुंकर घालीत राहिली, हातातले कडे घट्ट धरून.

दिवस कासराभर वर आला. वाघजाईच्या घुमटीपुढे विस्तव फुलवला गेला आणि चाळीस कोळी पळसाच्या पानांचे द्रोण घेऊन हारीने बसले. त्यातल्या निम्म्यांना सोमी वहिनी होती, उरलेल्यांना काकी. "काय वहिनी, औंदा हात आखडता घेऊ नका हां!" एक पोरगेला कोळी हसून म्हणाला. मधोमध हैबती नाईक. सत्तरी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचा माणूस सावलीसारखा दिसे. पण कान असे की वाटेवरून कोण येतो हे पावलांवरून ओळखावे.

आता इथे एक रीत होती. मोहाचे झाड देवीचे, फूल देवीचे, म्हणून वर्षातून एकदा, आजच्या दिवशी, नव्या दारूची पहिली धार विस्तवावर सोडायची. भप् करून निळी ज्योत उठली की देवीने घेतले, मगच माणसाने ओठाला लावायचे. या दिवशी धार न दिलेल्या मडक्याला कोळी शिवत नसे, मग तो तहानेने मरत का असेना. ही गोष्ट गडावरच्या शेंबड्या पोराला ठाऊक होती. कारखानीस मात्र दसऱ्यानंतर देशावरून आलेले. हा त्यांचा गडावरचा पहिलाच चैत्र, आणि कोळ्यांच्या देवाधर्माची चौकशी करणे त्यांना कमीपणाचे वाटे.

सोमीने मडके उचलले. कारखानीस तिच्या उजव्या हाताला, शेला खांद्यावर. विस्तव पुढ्यात. धार सोडली की चाळीसही जण विश्वासाने पिणार आणि बुधा जगणार. नाही सोडली तर? नाईक कळून घेतील, की नेहमीसारखे सगळ्यांदेखत खेकसतील, "अगं ए, धार इसरलीस का?" म्हातारा मुलखाचा तोंडाळ! एक ओरड, आणि शेला वर.

'आई वाघजाई, मला नको ग हे,' ती मनात म्हणाली. 'मला माझा बुधा दे.' समोर द्रोण पुढे झाले होते. वहिनी म्हणणारा तो पोरगेला कोळी हसत होता.

आणि ती विस्तवाला वळसा घालून सरळ पुढे गेली. तिने नाईकांचा द्रोण भरला.

नाईक द्रोण हातात धरून थांबले. मान किंचित विस्तवाकडे कललेली. ते आवाजाची वाट पाहत होते. एक श्वास गेला, दोन गेले. कोळ्यांची कुजबूज थांबली.

"सोमे..." नाईकांनी तोंड उघडले.

ती मेल्यासारखी उभी राहिली. नाईकांचा हात तिच्या मनगटावर आला, आणि त्या हाताला तिची थरथर समजली; मुठीतले कडेही लागले. म्हाताऱ्याने क्षणभर ते बोटांनी चाचपले: बुधाचे कडे, बुधाची पावले तर पहाटेपासून कुठे वाजली नव्हती, आणि सोमीच्या पाठोपाठ आलेली पावले होती कारखानिसांची. मग नाईक मोठ्याने हसले.

"सोमे, रीत इसरलीस व्हय? हवालदार गडावर न्हाईत, तर पहिला मान कारखानिसांचा! या सरकार, आमच्या अंगाला अंग लावून बसा. चाकरांनी आधी प्यावं आणि धन्यानं बघत ऱ्हावं, हे देवीला कसं रुचंल?"

"नाईक, आम्हांस वर्ज्य आहे. आपण घ्यावे."

"वर्ज्य कसं? शिमग्याला तुम्ही आमच्या पंगतीत दोन द्रोण रिचवलंत की!"

कारखानिसांचा चेहरा उतरला. हात खांद्याकडे गेला, पण सोमी त्याच हातावर सगळ्या अंगाने कोसळली. "शेला! त्यांचा शेला वर जाऊ देऊ नका!" ती किंचाळली, आणि धार पडली नाही हे केव्हाच उमगलेले दोघे कोळी कारखानिसांच्या छातीवर बसले; बाकीच्यांनी शिपायांना जखडले. मडके फुटले. विखारी मोहाची दगडांवरून वाहून गेली.

त्या दुपारी दरवाजा उघडाच मिळणार म्हणून शत्रूचे तीनशे लोक बेधडक वाट चढून आले, आणि वरून धोंड्यांचा आणि तिरांचा असा मारा झाला की निम्मे वाटेवरच राहिले. चार दिवसांनी हवालदार रसद घेऊन परतले. आठवड्याने वेढा उठला. कारखानिसांना हवालदारांनी कडेलोटाची शिक्षा फर्मावली.

पण त्या सकाळी सोमी पुढचे काही पाहायला थांबली नव्हती. शेला खाली राहिला एवढे पाहून ती कोठाराकडे धावत सुटली होती. दारातला माणूस केव्हाच पसार झाला होता. आत बुधा नाचणीच्या कणगीला टेकून बसलेला. तिने हाक मारली, हलवले. अंग थंडगार, लाकडासारखे ताठ. पहाटेच गेला होता, भट्टीवर कारखानीस येण्याच्याही आधी. दंड चिरून निघालेला. जन्मात न निघालेले कडे कसे निघाले, हे तिला तेव्हा कळले.

मागून काठी टेकीत नाईक आले.

"पोरी, त्यानं आधीच मारला व्हता. तुझ्याकडं काय बी दोष न्हाई."

सोमी कडे पदराने पुशीत होती.

"पर मला ते कुठं ठावं व्हतं, नाईकबाबा?" ती म्हणाली. "म्या तर त्यो जिता हाय असं धरूनच धारंला हात आखडला."

नाईक तिच्याशेजारी खाली बसले.

पुढल्या चैत्रात भट्टी लावायला कुणी तिला सांगायला गेले नाही; ती आपणहून पाण्याच्या टाक्यापाशी आली. बुधाच्या जागी पाणी बदलायला वहिनी म्हणणारा तो पोरगेला कोळी बसला. देवीपुढे तिने विस्तवावर एक धार सोडली, भप् करून ज्योत उठली, आणि चाळीस द्रोण पुढे झाले. पण सोमी तिथेच थांबून होती. तिने मडके पुन्हा कलते केले आणि दुसरी धार सोडली.

नाईकांनी ती ऐकली. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले, आणि दुसरी ज्योत विझेपर्यंत कोणीही द्रोण ओठाला लावला नाही.