चातुर्मासात सोडलेली गोळी

सकाळी ज्याने भिवंडीच्या लॅबमध्ये रक्त घ्यायला माझ्या हातात सुई टोचली, तोच संध्याकाळी दिघाशीच्या देवळात पखवाज घेऊन बसलेला दिसला... आणि माझा टाळ चुकला.

कीर्तन संपल्यावर तो पखवाज घेऊनच जवळ आला. "सुईला घाबरून डोळे मिटलेल्या... त्या तुम्हीच ना?"

"घाबरून नाही. नामस्मरण चाललं होतं."

"एवढ्या जोरात 'आई गं' म्हणून?"

हसतानाही त्याची बोटं पखवाजावर हलकेच फिरत होती. नाव प्रितेश. मग दर एकादशीला समेवर आमची नजर भेटू लागली. पांडुरंग मला क्षमा करो, मी सम गाठायची ती त्याच्यासाठी.

आषाढ लागला तेव्हा, बाहेर पागोळ्या गळत असताना त्याने विचारलं, "उन्नती, येशील आमच्या घरी? कायमची?"

ओठांवर आलेला होकार मी गिळला. माझ्याच शरीराने माझ्या थायरॉईडशी वैर धरलेलं. रोज सकाळी गोळी. असलं आंदण घेऊन कुणाच्या घरी जायचं?

"बरी झाले की सांगते," म्हटलं.

चातुर्मासात आमच्याकडे बायका काही ना काही सोडतात. कुणी वांगं, कुणी कांदा-लसूण. मी गुपचूप गोळी सोडली. देवा, आता तूच बघ!

भाद्रपद सरेपर्यंत चेहरा सुजला, हातपाय गार पडले, आवाज इतका घोगरा झाला की अभंगाचं ध्रुपद उचलेना. प्रितेशने ते ऐकलं. दुसऱ्याच दिवशी रक्त घेतलं. रिपोर्ट हातात घेऊन म्हणाला, "टीएसएच एवढा? गोळी बंद केलीस?"

"सोडली... चातुर्मास आहे ना."

"अगं वेडे, वांगं सोडायचं असतं!"

तो हसला, पण डोळे भरले होते.

डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, "काही जणांचं थायरॉईड पुन्हा सावरतं. पण तुझ्या प्रकारात ते थोड्यांचंच. बहुतेकांना गोळी कायम लागते. घेत राहिलीस तर छान जगशील. मनाने मात्र बंद करायची नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ऐकलंस ना? कदाचित मी कधीच बरी होणार नाही. तू दुसरी बघ."

त्याने खिशातून मोबाईल काढला. आईला, गोदूबाईंना, फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मी त्याचा हात ओढत राहिले... पलीकडून खणखणीत आवाज आला, "गोली हाय ना? मंग काय झालं? मलाबी बीपीची हाय. सकाली दोघी संगट घेऊ!"

"आई, तिची उपाशीपोटी असते. चहाच्या तासभर आधी."

"मंग मी चा उशिरा ठेवीन!"

फोन बंद झाला. रस्त्यावर रिक्षांचा गलका. बरी होण्याची अट मीच घातली होती... मीच ती काढून घेतली.

"हो," म्हटलं. आवाज पार फाटलेला.

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलंय तुला."

"आलंय," प्रितेश म्हणाला, "पण पुन्हा म्हण ना."