बाहेर कोण?

‘सरपंचसाहेब आहेत का?’ होडीतून उतरता उतरता त्याने मलाच विचारलं.

मी गुडघाभर चिखलात उभी, डोक्यावर रेशनच्या तांदळाचं पोतं. म्हटलं, मीच सरपंच. तर हा खांद्यावरचं वायरचं भेंडोळं सावरत म्हणतो कसा, ‘नाही, म्हणजे... सरपंचांचे मिस्टर?’

डोकंच फिरलं माझं.

‘सरपंचांना अजून मिस्टर नाहीत. काय काम आहे ते मलाच सांगा.’

कानापर्यंत लाल झाला बिचारा. वळला, आणि पुटपुटला, ‘म्हणजे जागा रिकामी आहे...’ त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. मला सगळं ऐकू येतं.

तो दीपेश. वरंधचा, वीजखात्यातला नवा वायरमन. आणि मी दर्शना, कोंडबेटाची सरपंच. महाडच्या अलीकडे सावित्रीच्या पात्रात आमचं बेट आहे, चारी बाजूंनी पाणी, जायला-यायला एकच होडी. बेट टीचभर, पण ग्रामपंचायत आमची स्वतःची.

बहिरीच्या देवळामागचा वाकलेला खांब त्याने सरळ केला. त्यानंतर मात्र आमच्याकडची वीज फारच जाऊ लागली. कधी फ्यूज, कधी नुसतंच ‘तपासून जातो’. पंचायतीतल्या गोदूबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘एवढी लाईट गेलेली मला तं कधी आठवत नाय गो.’ मी कागदात तोंड खुपसलं. तो खांबावर होता, तिथून हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्तच बारीक होतो, हे तोवर मला पाठ झालं होतं.

एका संध्याकाळी होडीची वाट बघत आम्ही धक्क्यावर उभे होतो. झिमझिम होती. छत्री एकच, आणि ती पूर्ण माझ्याच डोक्यावर. तो एकदम म्हणाला, ‘वरंधला येशील... माझ्या घरी? आईने भोरची एक मुलगी बघून ठेवलीय. मी अजून काही बोललो नाही.’

मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ. पण निवडणुकीत लोक म्हणत होते, पोरगी हाय, उद्या लगीन करून जाईल. तेव्हा मी बहिरीसमोर शब्द दिला होता, पलीकडे चालत जायला साकव झाल्याशिवाय बेट सोडणार नाही. आणि साकवाचा अजून एक दगडसुद्धा पडला नव्हता. हे सगळं त्याला सांगितलं.

‘आणि मी?’ त्याने विचारलं.

मी होडीला हात केला. होडी आली, तो गेला, छत्री माझ्याच हातात राहिली. मग वीज जाईनाशी झाली. जेवण गोड लागेना, फोन वाजला की धावत जाऊन उचलायचे, आणि असायचा तालुक्याचा साहेब.

आषाढात महाबळेश्वरला पाऊस धो धो कोसळला. तिकडे कोसळला की सावित्री आमच्याकडे फुगते. सकाळी दीपेशचा फोन आला, ‘महाडला पोचलोय. बोलायचंय, पण फोनवर नाही. होडी थांबव गो माझ्यासाठी.’ आणि रेंजच गेली.

बेटाचा जुना नियम आहे. बहिरीच्या खालच्या पायरीला पाणी लागलं की होडी बंद. मागे कुणासाठी तरी थांबली आणि भरली होडी उलटली, तेव्हापासूनचा. सरपंचाने विचारायचं, बाहेर कोण? होडीवाल्याने पलीकडे राहिलेल्यांची नावं घ्यायची. मग सरपंचाने देवळासमोरच्या आंब्यावर दोरीने लाल फडकं चढवायचं, ते उतरेपर्यंत होडी सुटत नाही. मागल्या वर्षी आमच्या होडीवाल्या काशीरामकाकांचा स्वतःचा जावई बाहेर राहिला होता. काकांनी न अडखळता त्याचं नाव घेतलं होतं, आणि मी फडकं चढवलं होतं.

पाणी पायरीला लागलं. सगळं बेट माझ्या हाताकडे बघत होतं. पलीकडच्या काठावर एक पिवळा रेनकोट धावत आला आणि थांबला.

‘बाहेर कोण?’ मी विचारलं.

‘वायरमन,’ काका म्हणाले.

दोरी ओढली, हात खाली आला. पुन्हा ओढली, पुन्हा आला. तिसऱ्यांदा फडकं वर गेलं. पिवळा रेनकोट थोडा वेळ तिथेच होता, मग दिसेनासा झाला. मी देवळामागे जाऊन त्या खांबाला टेकून पोटभर रडले. संपलं, वाटलं. भोरची मुलगी मला डोळ्यांसमोर दिसायला लागली, गोरीपान आणि कुठल्याच गावाची सरपंच नसलेली.

पाणी ओसरलं, फडकं उतरवलं. पहिल्याच होडीतून तो आला. हातात लोखंडी पेटी.

‘राग आला होता?’ मी विचारलं.

‘आधीपासूनच होता. भोरच्या मुलीला होकार देतोय, हेच सांगायला येत होतो त्या दिवशी. तुझ्या तोंडावर.’

होडी थांबवली असती तर...

‘मग?’

‘मग तुझा हात दोनदा खाली आलेला बघितला. तिथेच भिजत उभा राहिलो. आईला जाऊन सांगितलं, ती बेट सोडणार नाही, मीच जातो.’

‘आई काय म्हणाली?’

‘रडली. मग विचारलं, तिकडे भात तरी नीट पिकतो का.’ डावा डोळा बारीक झाला. ‘ती जागा... अजून रिकामी आहे ना, सरपंच?’

‘अर्ज विचारात घेऊ,’ मी म्हटलं, आणि पेटीची दुसरी कडी धरली. ती पेटी गोदूबाईंच्या पडवीत नेऊन ठेवली. लग्न होईपर्यंत तुझा मुक्काम इथेच, असं त्यांनी त्याला बजावलं.

दुपारी आभाळ पुन्हा भरून आलं. पाणी चढायला लागलं तशी मला परत तीच धडकी भरली. पायरी बुडाली. सगळे आंब्याखाली जमले, तोही माझ्या मागे येऊन उभा राहिला, छत्री माझ्या डोक्यावर धरून.

‘बाहेर कोण?’ मी विचारलं.

काशीरामकाकांनी पलीकडचा काठ बघितला, मग माझ्या मागे बघितलं.

‘कुनी नाय गो,’ ते म्हणाले. ‘आपली सगली आत हायेत.’

फडकं एका दमात वर गेलं.