शिंपणात काय आहे?

लिपा गावच्या चर्चची जत्रा भरली आणि भट्टी पेटली, की त्या धुराच्या वाटेत सापडलेली बदकं अर्धी भाजूनच खाली उतरतात. अर्धी म्हणजे मोजून अर्धी. उरलेली बाजू ज्याची त्याने घरी नेऊन भाजायची. कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने मे महिन्यातल्या त्या रविवारी मारिसेला त्रेविन्योच्या मागे रांगेत उभं राहायला हवं होतं. पुढे सत्तर माणसं, मागे नव्वद, आणि मधे ही... सॅन अँटोनिओहून दोन आठवड्यांपूर्वी गावातल्या औषधांच्या दुकानात आलेली नवी फार्मासिस्ट. डोळे मिटून नुसता वास घेत होती. ओकचं लाकूड, वितळणारी चरबी, करपत आलेली मिरी... दहा महिन्यांत इतकं सुख तिला कशानेच दिलं नव्हतं.

कारण दहा महिने ती पेलिओ डाएटवर होती. माणसाने नांगर हातात धरण्याआधी जे खाल्लं तेवढंच खायचं. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं. धान्य, डाळी, दूध बंद; साखरेला तर दारातसुद्धा उभं करायचं नाही. ही काही तिची हौस नव्हती. पूर्वी तिचं डोकं दुखायचं, आणि दुखायचं म्हणजे खिडक्यांना चादरी लावून तीन-तीन दिवस पडून राहायची वेळ यायची. साखर सुटली तसं डोकं शांत झालं. तेव्हापासून परक्या हातचा घास समोर आला, की तोंडाला पाणी सुटायच्या आधी ती त्यात काय काय घातलंय ते विचारायची.

रांग सरकली. टेबलापलीकडे हातभर लांब सुरी घेऊन एक उंच, सावकाश हालचालींचा तरुण उभा होता. डाव्या भुवईवर राखेचा ठिपका. तो पुसावा, असं मारिसेलाला उगाचच वाटून गेलं.

"ब्रिस्केट की मटण?" बीफच्या छातीच्या जाड तुकड्यावर सुरी टेकवत त्याने विचारलं.

"ब्रिस्केट. पण थांबा – आधी एक विचारू?"

"विचारा की."

त्याच्या मागे भट्टीचे म्होरके, म्हातारे अलॉइस काका, फरशी पुसायला असतो तशा लांब दांड्याच्या मॉपने बादलीतलं पाणी मांसावर शिंपत होते. बघितलंत तर वाटावं, जेवणावर पोतेरं फिरवताहेत. तिने त्या बादलीकडे बोट केलं.

"त्या शिंपणात काय काय असतं?"

सुरी हवेतच राहिली. मागच्या बाईच्या हातातला कागदी ग्लास कलंडला. मंडपातल्या अकॉर्डियनवाल्याने पोल्का नाचाची धून अर्ध्यावर सोडली, आणि हे शपथेवर सांगण्यासारखं आहे, कारण तो माणूस त्याआधी वादळातसुद्धा थांबला नव्हता.

"डॅरेल, लेका, लाजू नको!" रांगेतून कोणीतरी ओरडलं. "उत्तर दे तिला!"

डॅरेल कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "ते... ते सांगता येत नाही, मॅडम."

"अहो, मला फक्त एवढंच –"

"तिला फक्त एवढंच!" मागून आवाज आला, आणि एकशे साठ माणसं खो-खो हसली.

मारिसेलाला बापडीला काय ठाऊक! लिपाच्या भट्टीवर सात पुरुष. शिंपणाची कृती त्या सातांना माहीत, आणि त्यांच्या बायकांना. आठव्या घरात ती जात नाही. त्यामुळे इथे एखाद्या मुलीने भट्टीवाल्याला ते विचारणं म्हणजे सरळ लग्नाची मागणी. अलॉइस काकांच्या बायकोने, बर्टा काकूंनी, एकेचाळीस वर्षांपूर्वी याच टेबलापाशी तोच प्रश्न विचारला होता, आणि त्याच ऑगस्टात लग्न लागलं होतं. हे सगळं बर्टा काकूंनीच तिला बाजूला घेऊन, पंख्याने वारा घालत सांगितलं. मारिसेलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, कशीबशी आपल्या साखरेच्या पथ्याची गोष्ट सांगितली, आणि एकही तुकडा न खाता ती घरी गेली.

शनिवारी दुकानाची घंटी वाजली. डॅरेल. अंघोळ करून आलेला, तरी धुराचा वास सोबत. त्याने काउंटरवर खाकी कागदाची पुडी ठेवली.

"हे शिंपणाशिवाय केलंय. वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या जाळीवर. फक्त मीठ आणि मिरी."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बर्टा काकूंनी. म्हणाल्या, पोरीला साखर चालत नाही, नवऱ्याचं तिने काही विचारलंच नव्हतं." तो घाईघाईने पुढे म्हणाला, "म्हणजे गैरसमज नको म्हणून..."

"माझा काही गैरसमज नाही."

"माझाही नाही."

दोघंही मग उगाचच खोकल्याच्या औषधांच्या बाटल्यांकडे बघत राहिले.

तिने कागद उलगडला. कडेला काळी खरपूस साल, आत गुलाबी रेघ, आणि बोट लावलं तर सुटून येईल इतकं मऊ. तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. डॅरेलने नंतर मित्रांना सांगितलं, की तो तसाच अजून घटकाभर उभा राहिला असता तर त्याच्या पायांना मुळं फुटली असती.

"कसं आहे?"

"बोलू नका," ती म्हणाली. "हिला तुमच्या आवाजाची गरज नाही."

"हिला म्हणजे कुणाला?"

"ब्रिस्केटला!"

मग दर शनिवारी पुडी येऊ लागली. जूनमध्ये 'तुम्ही'चं 'तू' झालं. जुलैत तो स्वतःसाठी पावाच्या चार चकत्या आणायचा, त्याच्या दोन झाल्या, मग एकही नाही. तो तिच्यासारखाच कोबीच्या पानात मांस गुंडाळून खायला लागला.

"अरे, तू कशाला पाव सोडतोस? तुझं डोकं कुठे दुखतंय?"

"तुझ्यासमोर चावायला लाज वाटते. तू अशी बघतेस त्या पावाकडे... जणू कुणी जवळचं गेलंय."

ती खळखळून हसली, आणि त्या हसण्याने कपाटातल्या गोळ्यांच्या डब्या तीन दिवस किणकिणत होत्या असं दुकानाचा मालक सांगतो.

पण पुढचं पाऊल कुणी टाकेना. डॅरेलला वाटे, हिने विचारलं होतं ते साखरेबद्दल. आपण उगाच दुसरं समजलो तर पुडीसुद्धा बंद होईल. आणि मारिसेलाला वाटे, हा माणूस जरा जास्तच सभ्य आहे, बस. तिच्या मनाला दुसरीही एक टोचणी होती. सगळं गाव एका परातीतून खायचं आणि हिची पुडी वेगळी. चार महिन्यांत गावाने तिला नावाने हाक मारायला सुरुवात केली होती. तरी पंगतीत ती बाजूलाच. वेगळी जाळी, वेगळा कोपरा. डॅरेलच्या घरात तरी दुसरं काय होईल? त्या घरची सून... हा शब्द तिच्या मनात आला आणि तीच दचकली.

सप्टेंबरची जत्रा आली. आदल्या दिवशी तिने आरशासमोर उभं राहून ठरवलं. उद्या सगळ्यांच्या परातीतलंच खायचं. साखर असेल तर असो. तीन दिवस अंधारात पडू. पण त्याच्या हातचं, सगळ्यांसारखं, एकदा खायचंच.

पुन्हा तीच रांग, तेच टेबल. डॅरेलने तिला बघितलं आणि टेबलाखालून तिची पुडी काढली.

"ती नको," ती म्हणाली. "यातलं दे." तिने परातीकडे बोट दाखवलं.

"मारिसेला... यातलं नको."

"का? माझं तोंड वेगळं आहे?"

"तसं नाही गं. पण –"

"मग सांग, त्यात काय आहे?"

डॅरेलने अलॉइस काकांकडे पाहिलं. काका छातीवर हाताची घडी घालून उभे होते. गेली साठ वर्षं कुणी तोंड उघडलं नव्हतं. डॅरेलने मान खाली घातली. "सांगता येत नाही."

"ठीक आहे. मग मी खाणार."

तिने परातीतून एक जाड, चकचकीत तुकडा उचलला. हात तोंडापाशी गेला मात्र, डॅरेलने टेबलावरून झेप घेतली आणि तिचं मनगट धरलं.

"खाऊ नकोस! साखर आहे त्यात! व्हिनेगर, कांदा, लिंबू, चरबी, मीठ, मिरी – आणि मोठा डबाभर साखर!"

अकॉर्डियन पुन्हा गप्प. या माणसाने भट्टीची शपथ मोडली होती, आणि तीही फादरसमोर, कारण फादर रांगेत चौथे होते.

अलॉइस काका मॉपचा दांडा टेकवत पुढे आले. चेहरा भट्टीपेक्षा लाल. "अॅप्रन काढ, डॅरेल."

डॅरेलने अॅप्रनची गाठ सोडली. दुसऱ्या हातात मारिसेलाचं मनगट तसंच. "काढतो, काका. पण हिला तीन दिवस दुखलं असतं. ते मला बघवलं नसतं. भट्टी गेली तरी चालेल."

चार महिने मारिसेलाला हवं होतं ते वाक्य असं, साखरेच्या डब्यासकट, सगळ्या गावासमोर तिच्या पदरात पडलं होतं. आणि त्यापायी त्याची भट्टी गेली होती.

"कसली साखर?" मागून शांत आवाज आला. बर्टा काकू. हातात पंखा.

"तू मधे पडू नको," काका म्हणाले.

"मी मधेच आहे, एकेचाळीस वर्षं. शपथा तुम्ही सात जण घेता. पण बादलीत काय घालायचं ते मोजून पिशवीत भरतं कोण?"

काकांनी बादलीत डोकावून पाहिलं.

"दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, अलॉइसची साखर वाढलीय. हा माणूस शिंपण चमच्याने चाखत दिवसभर उभा असतो. त्या दिवसापासून मी साखरेचा एक दाणासुद्धा घातलेला नाही, आणि हा ऐकणार नाही म्हणून कुणाला बोललेही नाही. जरा ताज्या पिकलेल्या पीचचा रस घालते, रंगापुरता."

"पण... पण गेल्या वर्षी सगळे म्हणाले," काका चाचरत म्हणाले, "की इतकं चांगलं शिंपण कधी झालंच नव्हतं! मी म्हटलं माझा हात बसला!"

रांगेत आधी एक हसला, मग दहा, मग सगळेच. हसता हसता फादरना बाकावर बसावं लागलं. डॅरेलने एवढा मोठा श्वास सोडला, की टेबलावरचे कागदी रुमाल उडून मंडपात गेले. मारिसेलाचे डोळे भरून आले आणि ती हसतही होती. चार महिन्यांची, नव्हे, दहा महिने आणि चार महिन्यांची, सगळी भीती तिच्या खांद्यांवरून घसरून गेली.

"पीच चालतं का गं?" डॅरेलने हळूच विचारलं.

"पीच चालतं."

अलॉइस काकांनी घसा खाकरला. हार मानायची, पण वर मान करून. "अॅप्रन ठेव अंगावर. मात्र नियम तो नियम. कृती कळलेली बाई भट्टीवाल्याची बायको असलीच पाहिजे."

"काका, रांगेत ऐंशी बायका आहेत," डॅरेल म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलंय."

"मग ऐंशींशी लग्न कर!"

"मला एकच पुरे." तो मारिसेलाकडे वळला. कान पुन्हा लाल. "म्हणजे... तुझी हरकत नसेल तर. मी मे महिन्यातच हो म्हणणार होतो. पण तू पळून गेलीस."

मारिसेलाने त्याच्याकडे पाहिलं. मग हातातल्या तुकड्याकडे.

"आधी हे खाऊ दे."

"आणि मग?"

तिने सगळ्यांच्या परातीतला तो पहिला घास तोंडात घातला. चरबी ओठांवर ओघळली. तिने डोळे मिटले, सावकाश चावला, गिळला. अख्खी रांग श्वास रोखून उभी.

"मग हो," ती म्हणाली. "आणि अजून दोन तुकडे दे. जाड."