स्वच्छ रिपोर्ट

"मावशी, बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय आणि मला घरात घ्यायला कुणी तयार नाही."

फौजदारीणबाईंनी फोन खांद्याने कानाशी दाबला आणि चपला शोधल्या. खात्यातून निवृत्त झाल्या तरी हे नाव काही त्यांना सोडत नव्हतं. भाची रडत नव्हती. त्याचीच त्यांना जास्त धास्ती वाटली.

दवाखान्यात भाची बाकावर ताठ बसली होती. ओली बाळंतीण, आणि सासरचं एक माणूस आसपास नाही. बाळाच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"सिफिलिस आहे, शरीरसंबंधातून लागणारा रोग. आईकडून बाळाला गेलाय. इंजेक्शनं सुरू केलीत, बाळ वाचेल. पण पोटात असताना कळलं असतं तर ही वेळच आली नसती."

"तेव्हा टेस्ट केली होती," भाची म्हणाली. "बाजारातल्या लॅबमध्ये. रिपोर्ट स्वच्छ होता."

"मग लागण नंतरची, नाहीतर रिपोर्ट चुकीचा. आणि एक लक्षात ठेवा. उपचार पुरे होऊन तुम्ही बऱ्या झालात तरी पट्टीच्या टेस्टमध्ये जुनी खूण बहुतेकांना जन्मभर दिसत राहते. पुढे कुणी घाबरवलं तर घाबरू नका."

डॉक्टर गेल्यावर मावशी हळूच म्हणाली, "तुलाही कमरेत टोचतील. मेलं दुखतं फार. गरम पिशवी ठेव, आणि त्या दिवशी जिने चढू नकोस."

"तुला कसं माहीत?"

"पोलिसाला सगळं माहीत असतं. पड आता."

सासूबाईंनी फौजदारीणबाईंना दारातच उभं केलं. त्यांचा हिशेब सरळ होता. मुलगा जहाजावर कामाला. सून पोटुशी आहे हे कळलं आणि तो निघाला. सुनेचा रिपोर्ट तेव्हा स्वच्छ. तो परतला बाळ झाल्यावर, त्याच लॅबमध्ये त्याने रक्त दिलं, तोही स्वच्छ. मग रोग आला कुठून?

"शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलंय मी," सासूबाई म्हणाल्या. "माझा मुलगा धुतल्या तांदळासारखा. बाळ बरं झालं की आम्ही घेऊन येणार. तिनं आपलं तोंड काळं करावं."

जावई मागे उभा राहून मोबाइलची काच चोळत होता.

"जावईबापू, तुम्हाला कधी काही त्रास? जखम, पुरळ?"

"छे! मला काय धाड भरलीय?"

फौजदारीणबाई दारातूनच मागे वळल्या. भाची खोटं बोलली की तिचे कान लाल होतात, अगदी लहानपणापासून. परवा दवाखान्यात तिचे कान पांढरेफटक होते. पण कानांवरून कुणी निकाल देत नाही. उद्या ते लेकरू आईच्या कुशीतून ओढून नेतील, तेव्हा हातात काहीतरी भक्कम हवं.

बाजारातली लॅब तळमजल्यावर होती. भिंतभर प्रमाणपत्रं, स्पिरिटचा वास, पुसून लख्ख केलेल्या खुर्च्या. काउंटरवर लॅबच्या डॉक्टरांची बायको. रक्त तीच घ्यायची, रिपोर्टही तीच द्यायची. सगळा बाजार तिला वहिनी म्हणे. डॉक्टर संध्याकाळी येऊन सह्या करत.

"सिफिलिसची टेस्ट करायचीय."

वहिनींनी इस्त्रीचे कपडे पाहिले, चष्मा पाहिला आणि गोड हसल्या. "अहो काकू, तुम्हाला कशाला ती? चांगल्या घरच्या दिसता."

"करा तर खरं."

हात इतका हलका की सुई टोचल्याचं कळलंही नाही. फौजदारीणबाई उठल्या आणि बाहेर जायच्या ऐवजी मागच्या काचेच्या खोलीत शिरल्या. कुणी हटकायच्या आत शिरायचं, ही खात्यातली जुनी खोड.

आतला टेक्निशियन दचकला. "कोण हवंय?"

"किट जुन्या आहेत का तुमच्या?"

"नाही हो! मुदतीतल्या आहेत. फ्रीज कधी बंद पडत नाही."

"मग चूक कशी होते?"

"कसली चूक? पट्टीवर रेघ उमटते, नाहीतर उमटत नाही."

"पेशंट कोण आहे ते कळतं तुम्हाला?"

"मला फक्त नळ्या दिसतात. वहिनी आत पाठवतील त्या मी करतो."

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. 'आढळला नाही.' फौजदारीणबाई तो वाचून अशा खदखदून हसल्या की बाकावरची माणसं सरकून बसली.

दोन दिवसांनी लॅबमध्ये एक बाई आली. केस पिंजारलेले, चपलेचा अंगठा तुटलेला, तोंडाला रुमाल, पत्ता ट्रकथांब्याजवळच्या लॉजचा. वहिनींनी मान वर न करता हातमोजे चढवले. "त्या खुर्चीवर नको, तिकडे कडेला बसा." त्या बाईचा रिपोर्ट आला, 'आढळला'.

दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांच्या सह्यांच्या वेळी, फौजदारीणबाई पुन्हा इस्त्रीच्या कपड्यांत हजर झाल्या. सोबत भाची, जावई आणि सासूबाई. "लॅबमध्ये येता की पोलिसात जाऊ?" एवढंच विचारल्यावर मायलेक निमूट आले होते.

त्यांनी दोन्ही कागद टेबलावर आपटले. "डॉक्टर, एक चांगल्या घरची काकू. एक लॉजमधली बाई. दोन्ही नळ्यांत रक्त माझंच."

वहिनींनी पहिल्यांदाच नीट वर पाहिलं.

"अहो, किट कधी कधी चुकते," डॉक्टर म्हणाले. "हा दुसरा रिपोर्ट चुकलेला असणार. तुम्हाला कसा असेल—"

"का नसेल? झाला होता मला! नवऱ्याकडून आला. तो गेला देवाघरी, मी कमरेत इंजेक्शनं घेतली आणि ठणठणीत झाले. काल मोठ्या दवाखान्यातही रक्त दिलंय. रोग नाही, पण जुनी खूण पट्टीवर ठसठशीत. यात मी खाली मान घालावी असं काय आहे, ते सांगा मला कुणीतरी!"

त्यांनी पहिल्या कागदावर बोट ठेवलं.

"किट चांगली, फ्रीज चांगला, आतला माणूस चोख. नळी आत गेली की रेघ उमटते. म्हणजे माझी पहिली नळी आत गेलीच नाही. टेक्निशियन माणसं बघत नाही. डॉक्टर माणसंही बघत नाहीत आणि कागदही. नुसत्या सह्या ठोकतात. तोंडं बघतं फक्त एकच माणूस. तोंड बघून ठरवतं, रक्त तपासायचं की मोरीत ओतायचं. खरं ना, वहिनी?"

वहिनींचा आवाज चढला. "घरंदाज बायकांची असली टेस्ट करायची? अशा एका कागदाने संसार मोडतात! मी घरं वाचवली, कळलं?"

"त्या काचेच्या पेटीतल्या लेकराला जाऊन सांगा ते. हिची नळी आत गेली असती तर तेव्हाच इंजेक्शनं मिळाली असती. या लॅबमधून स्वच्छ ठरून गेलेल्या एकूण एक माणसाला परत बोलवायचं आता. आरोग्य खात्यात तक्रार देऊनच आलेय मी." त्या जावयाकडे वळल्या. "तुम्हीही बापू, जहाजावरचे साहेब, कपडे झकपक. तुमची नळीसुद्धा मोरीतच गेली. पण खूण काही जात नाही. आज टेस्ट केली तर आजही दिसेल."

"कशी दिसेल?" जावई ओरडला. "तो फोड तर लग्नाआधीच आपोआप गेला होता! औषधसुद्धा लागलं नाही!"

सासूबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"फोड जातो," फौजदारीणबाई म्हणाल्या. "रोग अंगातच राहतो."

जावई बायकोजवळ आला. आवाज एकदम लोण्यासारखा. "चल, घरी जाऊ. झालं गेलं विसरून जा."

भाची उठली. तिचे कान लाल झाले होते, पण या वेळी रागाने.

"आधी मोठ्या दवाखान्यात जायचं आणि बाही वर करायची. मग सगळी इंजेक्शनं घ्यायची. मग ज्या ज्या दारात तुझ्या आईनं माझं नाव घेतलं, त्या प्रत्येक दारात आईला घेऊन जायचं आणि सांगायचं, रोग माझा होता. एकही दार चुकवायचं नाही. माझं काय ते मी नंतर ठरवीन. बाळ माझ्याजवळ राहील, ते ठरलंय."

उत्तराची वाट न बघता ती बाहेर पडली. बाळाच्या दुधाची वेळ झाली होती.