पाठ केलेली पोरं

कोनमास्तराचं काम ऐकायला सोपं. वाकड्या कण्याच्या पोरांचे एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावायचे, वरच्या नि खालच्या मणक्यावर पेन्सिलीने रेघ मारायची, कोन मोजायचा, प्रकार लिहायचा. मोजून मोजून त्याचाच कणा प्रश्नचिन्हासारखा झालेला, पण त्याला कोण मोजतंय!

रीत अशी, की पोर आपल्याकडे पाठ करून उभं असावं तशी फिल्म लावायची. काळीज डावीकडे. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टरांची बाजू चुकत नाही.

दुपारचं जेवण डोळ्यांवर आलं होतं. तेरा वर्षांच्या एका मुलीची फिल्म लावली. बावन्न अंश. पन्नासच्या वर म्हणजे ऑपरेशन, खाली म्हणजे पाठीला नुसता पट्टा. तिचा बाप दारातच घुटमळत होता.

"साहेब, पट्ट्यावर भागेल ना हो?"

"साहेब डॉक्टरांना म्हणा. आम्ही रेघोट्या मारणारे." कोनमास्तराने जांभई गिळली. "थांबा, पुन्हा मोजतो."

वळून पेन्सिलीला टोक केलं, पाहतो तर काळीज उजवीकडे! झोपेत उलटी लावली की काय? पण कोपऱ्यातलं बाजू दाखवणारं शिशाचं अक्षर सुलटंच होतं. पेन्सिलीच्या रेघाही जागच्या जागी. कणा तेवढा त्यांच्याखालून सरकलेला.

फिल्म हलली नव्हती. आतली पोर वळून त्याच्याकडे तोंड करून उभी होती.

त्याने मुलीला आत बोलावलं. 

"बाळ, फोटोच्या वेळी हललीस का गं?"

"तेव्हा नाही, काका..." ती पुटपुटली. "आत्ता. तुम्ही रेघ मारलीत ना... पाठीवर गार लागली."

कोनमास्तर हसायला गेला, ते जमलं नाही. त्याने फुंकर घालावी इतक्या हलक्या हाताने नव्या रेघा ओढल्या. मुलगी डोळे मिटून उभी राहिली. चव्वेचाळीस.

डॉक्टरांनी स्वतः मोजलं. चव्वेचाळीसच. पट्टा लिहून दिला. बाप कोनमास्तराचे हात सोडेना, जणू त्यानेच कणा सरळ केला होता.

ती दोघं गेली. आता उरल्या सतरा फिल्मा, सगळ्या कालच्या पोरांच्या. ती पोरं केव्हाच घरी गेलेली, बाहेरचा बाक रिकामा. त्याने पहिली लावली. काळीज उजवीकडे. दुसरी. उजवीकडे. तिसरी बघायचं त्राणच नव्हतं. घड्याळात जेमतेम साडेतीन.

काम काही चुकत नाही. त्याने पेन्सिल उचलली. टोक अजून टेकलंही नव्हतं, तोच रिकाम्या बाकावरून बारीक आवाज आले, एकात एक मिसळलेले...

"हळू हं, काका..."