मैदा कोण छापणार?

"ही कुपनं चालतात कुठं?" त्यानं विचारलं. उन्नतीनं मान वर न करताच उत्तर दिलं, "मेळ्याच्या या दोरीच्या आत."

मग तिनं पाहिलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात मैद्यानं पांढरे, आणि डोळ्यांत... चेष्टा? की नुसतं कुतूहल? भुईगावच्या किनाऱ्यावरून खारा वारा आला आणि टेबलावरचे रंगीत कागद उडू लागले. त्यानं मैद्याचाच हात त्यांवर ठेवला. पाचही बोटं उमटली.

वाचनालयाचा खाद्यमेळा दर डिसेंबरात भरायचा. कुपनांची पद्धत प्रल्हाद सरांची, म्हणजे उन्नतीच्या बाबांची. मंडप घालणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या गावकऱ्यांना समितीनं छापलेली कुपनं मिळत; ती ते स्टॉलवर खर्चत; आणि स्टॉलवाले जागेचं भाडं कुपनांतच भरत. भाडं भरायचं म्हणून तर त्या कागदाला मोल. बाबा पावसाळ्यात गेले. या वर्षी टेबलामागे ती होती. पुढच्या रविवारी त्यांच्या स्मरणार्थ तिलाच बोलायचं होतं, त्यांच्याच आवडत्या विषयावर: आधुनिक चलन सिद्धांत.

"समितीची कुपनं संपली तर?" मैदा माखलेल्या जेन्सननं विचारलं. फुग्यांच्या, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या गोळ्यांच्या, स्टॉलवरच्या लूर्डसबाईंचा तो मुलगा. एरवी बँकेत नोकरी करायचा.

"संपतील कशी? आम्हीच छापतो. आधी वाटतो, मग भाड्यात परत घेतो. स्वतःचं चलन काढणारं सरकारही घरासारखं नसतं. खर्चाआधी त्याला पैसा जमवावा लागत नाही. कर घ्यायचा तो लोकांना ते चलन हवंसं वाटावं आणि जास्तीचा पैसा मागं ओढता यावा म्हणून."

"मग मर्यादा कशाची?"

"मालाची आणि माणसांची. माल पडून आहे, माणसं रिकामी आहेत तोवर खर्चायला भ्यायचं नाही."

वाक्य बाबांचं होतं. आवाजही क्षणभर त्यांचाच झाला — तिचं तिलाच कळलं.

दुपारी मदतीला आणखी माणसं आली. सरांच्या नावानं येणाऱ्या कुणालाच तिला नाही म्हणवेना. तिनं कुपनं वाटली, वाटतच राहिली. दोन कुपनांची फुग्यांची प्लेट पाचवर गेली. लूर्डसबाई कढईपासूनच म्हणाल्या, "पोरी, कुपनं कितीपन छाप. मैदा कोन छापनार?"

विरारहून आलेल्या आइस्क्रीमवाल्यानं तर कुपन घ्यायचंच नाकारलं. त्याला दूध या कागदावर मिळत नव्हतं. बाहेरून तेल आणणाऱ्या देशाचं असंच होतं, तेलवाला त्याचा कागद घेत नाही, जेन्सन हळूच म्हणाला. बाबांचा उपाय उन्नतीला पाठ होता: भाडं वाढवा, जास्तीची कुपनं गोळा करा. ती समितीच्या अध्यक्षांकडे, काशीराम काकांकडे गेली. काकांनी आधी आभाळाकडे पाहिलं. "उन्नती, फेब्रुवारीत माझी निवडणूक आहे गं."

जेन्सनला हसू आवरेना. "या सिद्धांताचे टीकाकार नेमकं हेच म्हणतात. महागाई दिसते तोवर उशीर झालेला असतो, आणि कर वाढवायचं धाडस कोण करणार?"

"तुम्ही बाबांना खोटं पाडताय."

त्यानं हसू आवरलं. मग म्हणाला, "नाही... पण तुम्ही त्यांना कुणाला प्रश्नच विचारू देत नाही. सरांना ते आवडलं असतं?"

ती निघून गेली. पण रात्रीच्या जेवणाला ताटावर बसल्यावर तिला आठवलं: वर्गात कुणी अडवलं, की बाबा त्या दिवशी खुशीत येत आणि एक पोळी जास्त खात. ते गेल्यापासून सगळे त्यांची फक्त स्तुती करत होते. त्यांच्याशी कुणी भांडतच नव्हतं. तीही नाही.

रविवारी ती बोलली. आधी सिद्धांत, जसा बाबांनी मांडला असता तसा. काम मागेल त्याला सरकारनं काम द्यावं, ही त्यातली मागणी आपल्या रोजगार हमीच्या जवळची कशी, तेही. मग फुग्यांची प्लेट, आइस्क्रीमवाला, आणि काकांकडे बघत — निवडणूक. सभागृह हसलं. काकाही हसले, जरा उशिरा.

"प्रश्न?" तिनं विचारलं. मागच्या रांगेत जेन्सन उभा राहिला.

"मेळ्यात चूक सिद्धांताची होती की वाटणाऱ्याची?"

"वाटणाऱ्याची," ती म्हणाली. "पण वाटायला शेवटी माणूसच बसणार. म्हणून बाबा किती बरोबर होते, हे मला अजून ठरवता येत नाही."

असं सगळ्यांसमोर म्हणता आलं, आणि काही कोसळलं नाही.

परतताना केळीच्या वाडीतल्या अरुंद वाटेनं जेन्सन सोबत चालत होता. आता भांडायला काही उरलं नाही, असं त्यानं उगाच खंतावून सांगितलं.

"व्याजदर राहिलेत की."

"त्याला वेळ लागेल. घरीच या. पण... आईला काय सांगू, कोण येतंय म्हणून?"

उन्नतीची चाल मंदावली. "सांग, सरांची मुलगी येतेय. आणि मला तू आवडतोस, हे तिला नको सांगूस. ते फक्त तुला सांगतेय."

जेन्सननंही चाल मंद केली, तिच्याइतकी.