टाकीतलं चाक

रंग उतरवण्याच्या टाकीच्या काठावर एकनाथराव पोटावर लोंबकळत होते. डोकं आत, पाय बाहेर. शर्टाला दारूचा वास येत होता.

बालानगरच्या त्या शेडमध्ये विमानांच्या चाकांचा जुना रंग काढत. चाक जाळीच्या पाळण्यात ठेवायचं आणि साखळीने द्रावणात बुडवायचं. खासगी विमान कंपन्या नुकत्याच उडू लागल्या होत्या. त्यातल्याच एकीची माणसं आज शेड पाहायला येणार होती.

निरीक्षक हिम्मतरावांसमोर मृताचा मुलगा विकास उभा होता. शेडचा सुपरवायझरही तोच.

"काल काय झालं?"

"संध्याकाळी बाबांनी हे चाक टाकीत सोडलं. मी घरी गेलो. सकाळी कुलूप काढलं, तर हे असे."

"कशाला हात लावलास का?"

"नाही साहेब. फक्त फोन केला."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक त्यांच्या खिशात आहे."

"पीत होते?"

"हौ. अलीकडे फार."

दाराशी बसलेल्या विकासच्या आई, कुसुमताई, ताडकन उठल्या. "लाज वाटत नाही रे? साहेब, माझा माणूस गेला. निदान दारुडा म्हणून त्यांना जाळायला लावू नका."

हिम्मतराव मृताच्या पायांशी वाकले. पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर ओला गाळ होता, त्यात लाल, हिरव्या, पांढऱ्या रंगाच्या पापड्या. मग त्यांनी पाळणा वर घ्यायला लावला. चाकाचा पांढरा रंग गुळगुळीत होता.

मृतदेह हलवल्यावर ते म्हणाले, "असंच दुसरं चाक सोड. आणि चहा मागव."

"आत्ता?"

"आत्ता."

कोपऱ्यावरच्या इराण्याकडून चहा आला. ग्लास रिकामे झाले तेव्हा पाळणा वर घेतला. चाकाच्या रंगाला सुरकुत्या पडल्या होत्या. बोट लावताच तो सुटला.

"हे चहा पिईस्तोवर सोललं," हिम्मतराव म्हणाले. "मग रात्रभर बुडालेल्याचा रंग शाबूत कसा? ते तू माझी जीप आल्यावर सोडलंस. चाकाचं तुला शेवटी आठवलं. आणि काठावरून वाकलेल्या माणसाच्या गुडघ्यांना तळाचा गाळ लागत नाही. पाहुण्यांसाठी टाकी स्वच्छ हवी होती. द्रावण पिंपांत काढून तू त्यांना आत उतरवलंस. पंखा बंद, मास्क नाही. याची वाफ जड असते, तळाशी साचते. ते तिथेच गुदमरून पडले. तू साखळीने ओढून काढलंस, टाकी भरलीस आणि दोष त्यांच्यावर जावा म्हणून शर्टावर दारू ओतलीस. दुसरी किल्ली तुझ्याकडेच होती."

विकास खाली बसला. "मीच उतरणार होतो. ते म्हणाले, तू नको, मी जातो."

"आणि तू त्यांच्यावर दारू ओतलीस," कुसुमताई म्हणाल्या.

फाटकाशी विमान कंपनीची गाडी हॉर्न वाजवत होती. कुणीही उघडायला गेलं नाही.

"साहेब, कागदावर लिहा. ते पीत नव्हते."

"लिहितो. पण मग याचंही लिहावं लागेल, ताई."

कुसुमताईंनी मुलाकडे एकदा पाहिलं.

"लिहा."